इन्सुलेशनची जखम आपोआप भरते का? बोअरच्या केबलीपासून लॅबपर्यंत, हाताने करून बघायचा रस्ता

मागच्या मे महिन्यात मोहोळ तालुक्यात मामांच्या शेतावर गेलो होतो, डाळिंबाची बाग, ऊन ४३ डिग्रीच्या आसपास आणि बोअरची मोटर तीन दिवस बंद. स्टार्टर दाबला की लगेच ट्रिप. चेनपुली लावून २४० फुटावरनं मोटर वर काढली. मोटर चांगली, पंप चांगला, वाइंडिंगचं रीडिंग चांगलं. खराब झालं होतं ते एकच, केबलीचा जॉइंट. वरची काळी पीव्हीसी टेप चिकट होऊन उलगडली होती, आत पाणी शिरलेलं आणि तांबं हिरवं पडलेलं. तो जॉइंट दोन वर्षांपूर्वी मीच मारला होता. मामा मला काहीच बोलले नाहीत, पण कोपऱ्यातली झाडं मान टाकून उभी होती ती मला दिसत होती.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, लूमच्या मोटरी, पाण्याच्या मोटरी, पंखे सगळं येतं. त्या दिवसापासून मी एका गोष्टीच्या मागे लागलो, की आपली कातडी कापली तर खपली धरून भरून येते तसं इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचं वीज अडवणारं आवरण, भरून आलं तर? वाचत गेलो, विचारत गेलो, करून बघत गेलो, आणि लक्षात आलं की असं मटेरियल नुसतं लॅबमध्ये नाहीये, त्यातले तीन प्रकार आपल्या घरात, शेतात आणि खांबावर आधीपासून आहेत, फक्त ते नीट वापरायचे कसे हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. ते सगळं इथे क्रमाने लिहितोय.

आधी जखम ओळखा

कुठलंही "आपोआप भरणारं" मटेरियल घ्यायच्या आधी आपल्याकडे जखम कुठली होते ते बघायचं. ४१५ व्होल्टच्या शेतातल्या लाइनीवर मुख्य शत्रू पाणी, ऊन आणि घासणं. केबल बोअरच्या केसिंगला घासते, सालपट निघतं, नाहीतर जॉइंटमधून ओल आत जाते, थोडा थोडा करंट गळायला लागतो आणि एक दिवस अर्थ होतो, म्हणजे वीज जमिनीत उतरते. बास, एवढी साधी गोष्ट आहे.

११ केव्ही (किलोव्होल्ट) आणि त्याच्या वर मात्र जखम वेगळी. तिथे केबलीवरच्या एक्सएलपीई नावाच्या प्लास्टिकच्या आत केसाएवढी पोकळी राहिली तरी खेळ सुरू होतो. हवेची वीज अडवायची ताकद एका मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्ट, चांगल्या एक्सएलपीईची त्याच्या कितीतरी पट, आणि विजेचा ताण वाटला जातो तेव्हा जास्त वाटा येतो तो नेमका त्या दुबळ्या हवेच्या वाट्याला, पोकळी चपटी असेल तर सव्वादोन पटीच्या वर. मग त्या पोकळीत बारीक बारीक ठिणग्या पडतात, त्याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात. ठिणगी प्लास्टिक जाळत जाळत फांद्या फोडते, अगदी वाळलेल्या बाभळीसारखा आकार दिसतो, म्हणून नाव इलेक्ट्रिकल ट्री. फांदी काही मायक्रोन जाडीची, डोळ्याला दिसत नाही, पण एकदा आरपार गेली की केबल गेली. ओल असेल तर त्याच्या आधी वर्षानुवर्षं वॉटर ट्री, म्हणजे ओलीच्या तसल्याच फांद्यांचा, वाढत असतो, तो अजून गुपचूप.

म्हणजे खरचटणं, ओल, पोकळी आणि ट्री या वेगवेगळ्या जखमा आहेत आणि एकच औषध सगळ्यांना चालत नाही. हे पक्कं डोक्यात ठेवा, पुढे दुकानात उपयोगी पडतं.

घरी करून बघा: टाकणखार आणि डिंक

भरून येणं म्हणजे आत नक्की काय होतं हे वाचून कळत नाही, हाताला लागलं की कळतं. माझ्या भाचीला घेऊन मी हे केलं. किराणा दुकानात टाकणखार मिळतो. एक कप कोमट पाण्यात एक चमचा टाकणखार पूर्ण विरघळवायचा. दुसऱ्या वाटीत दोन चमचे फेविकॉलसारखा पांढरा डिंक आणि दोन चमचे पाणी नीट ढवळायचं. मग टाकणखाराचं पाणी थोडं थोडं घालत ढवळत राहायचं, दोन मिनिटात लवचिक गोळा तयार होतो. तोंडात घालू द्यायचं नाही, नंतर हात साबणाने धुवायचे, लहान पोरं असतील तर समोर बसायचंच.

आता तो गोळा कात्रीने कापा आणि लगेच कापलेल्या बाजू एकमेकाला टेकवून हलका दाब द्या. पाच मिनिटांनी ओढून बघा, जोड सापडत नाही. दुसरा तुकडा कापा, कापलेल्या तोंडावर टाल्कम पावडर लावा आणि मग जोडा. नाही धरत. तिसरा तुकडा कापून रात्रभर उघडा वाळू द्या, सकाळी जोडा. तोही नाही धरत.

डिंकात पॉलिमरच्या लांब लांब साखळ्या असतात आणि टाकणखार त्यांच्यात असे बंध घालतो जे तुटतात आणि परत जुळतात. साखळ्यांना हलायला वाव असेल, तोंडं स्वच्छ असतील, दोन्ही बाजू टेकलेल्या असतील आणि थोडा वेळ मिळाला तर जखम भरते. यातलं एक जरी कमी पडलं तर नाही भरत. जगातल्या भारीतल्या भारी लॅबमधलं मटेरियल घ्या, ते याच चार गोष्टींवर चालतं.

अजून एक करा. मल्टिमीटर ओहमवर टाकून दोन्ही टोकं गोळ्यात खुपसा. माझ्याकडे किलोओहममध्ये रीडिंग आलं, म्हणजे हा गोळा इन्सुलेटर नाहीच, आत पाणी आणि आयन भरलेत. खरी अडचण इथेच आहे. जे बंध लवकर तुटतात आणि लवकर जुळतात ते बरेचदा पोलर असतात, म्हणजे एक टोक धन आणि दुसरं ऋण, त्यांना ओल आवडते, त्यांच्यामुळे गळती आणि वाया जाणारी वीज वाढते. म्हणजे भरून येण्याचा गुण आणि वीज अडवण्याचा गुण एकमेकाला ओढतात. या विषयातले शास्त्रज्ञ पंचवीस वर्षं झाली याच ओढाताणीत आहेत.

शेतातलं काम: रबराच्या टेपेचा जॉइंट

आता आपल्या कामाचं. सेल्फ फ्यूजिंग टेप म्हणून जी मिळते, काही जण तिला नुसतं रबर टेप म्हणतात, ती ईपीआर किंवा ब्युटाइल रबराची असते. तिला चिकट गम नसतो. ताणून स्वतःवर गुंडाळली की एका थराच्या साखळ्या दुसऱ्या थरात शिरतात आणि काही तासांत सगळे थर मिळून एकच रबर होतं, सुरीने कापलं तरी थर वेगळे दिसत नाहीत. टाकणखाराच्या गोळ्याचंच काम, पण इथे पाणी नाही, आयन नाहीत, म्हणून इन्सुलेशन म्हणून चालतं. साधी पीव्हीसी टेप मात्र गमावर धरते, गम उन्हात पातळ होतो, सोलापूरच्या उन्हात तर होतोच, आणि टेप सुटते. माझं नेमकं तिथेच चुकलं होतं.

हात लावायच्या आधी सेफ्टी, आणि हे मी हात जोडून सांगतोय. शेतातली लाइट पाळीपाळीने येते, रात्री बेरात्री येते, आणि बऱ्याच पॅनलला ऑटो लावलेला असतो, लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. लाइट गेलीय म्हणून जॉइंटला हात घातला आणि तेवढ्यात आली तर माणूस जातो. म्हणून ऑटो बंद करा, मेन स्विच खाली घ्या, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि टेस्टरने तिन्ही वायर तपासून मगच हात लावा. हे काम ज्याला सवय आहे त्यानेच करायचं, बाकीच्यांनी शेजारी उभं राहून नीट होतंय का तेवढं बघावं.

तीन कोअरची चपटी केबल धरून सांगतो. वरचं कवच दोन्ही बाजूंनी वीतभर सोला. तिन्ही कोअर एकाच जागी जोडायच्या नाहीत, दोन दोन इंच पुढेमागे कापा, म्हणजे तीन गाठी एकमेकींशेजारी येत नाहीत आणि जॉइंट सडपातळ राहतो. तांबं पॉलिश पेपरने चकचकीत करा, हिरवं काळं पडलेलं तांबं कापून टाका, त्याचा मोह नको. तांब्याचा फेरूल, म्हणजे जोडाची छोटी नळी, घालून क्रिंपिंग टूलने दाबा, पक्कडने चेपायचं नाही. फेरूलच्या कडा कानशीने गोल करा, कारण टोकदार कड टेपेला आतून भोसकते आणि तिथेच पातळ पडतं.

मग सफाई, आणि इथे घाई केली की सगळं गेलं. दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन आणि कवच पॉलिश पेपरने चार बोटं रुंद खरखरीत करा, स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, वर थोडं स्पिरिट लावून पूर्ण उडू द्या. हाताला ग्रीस, माती, घाम काही नको. पावडर लावलेला गोळा आठवा. मी तर आता एक जुनी स्वच्छ चादर खाली अंथरतो आणि त्यावरच काम करतो, सोलापुरात चादरीला काय तोटा, आणि वारा सुटला असेल तर काम थांबवतो, कारण शेतातली धूळ नेमकी ताज्या रबरावर बसते.

टेपेच्या रोलवर मधे एक पातळ फिल्म असते, ती काढत काढत गुंडाळायची. टेप ओढून ताणायची, किती ते रोलच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ते आधी वाचा, नसेल तर मी रुंदी तीनचतुर्थांश होईपर्यंत ताणतो. सैल गुंडाळली तर थर मिळत नाहीत, फार ताणली तर तुटते किंवा पातळ पडते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. सुरुवात फेरूलपासून दोन बोटं आधी, चांगल्या इन्सुलेशनवर, आणि शेवट पलीकडे दोन बोटं पुढे, मग तसंच उलटं परत. फेरूल आणि इन्सुलेशनच्या मधे जी खाच राहते ती आधी टेपेच्या छोट्या तुकड्यांनी भरून घ्या, नाहीतर तिथे पोकळी राहणार. एका कोअरवर मी असे चार थर देतो, म्हणजे मूळ इन्सुलेशनपेक्षा जाड होईस्तोवर. शेवटचा अर्धा वेढा न ताणता नुसता टेकवून अंगठ्याने दाबायचा, ताणून सोडला तर टोक मागे सरकतं आणि उचकतं.

तिन्ही कोअर झाल्या की त्यांना एकत्र धरून मधल्या फटी टेपेच्या पट्ट्यांनी भरा आणि मग सगळ्यावरून एकत्र, कवचावर तीन बोटं चढवून, परत चार थर. आणि शेवटी, हो, पीव्हीसी टेप. तिचं काम आता पाणी अडवणं नाही, रबराला घासण्यापासून आणि उन्हापासून वाचवणं एवढंच, दोन थर पुरे. रबर मऊ असतं, केसिंगला घासलं तर टिकत नाही.

सिलिकॉनचीही अशीच स्वतःला धरणारी टेप मिळते, ती उष्णता भरपूर सोसते, उन्हालाही घाबरत नाही, म्हणून पॅनलमध्ये, मोटरच्या टर्मिनलपाशी चांगली, पण तिला एक चीर पडली की ती सरळ फाटत जाते, म्हणून बोअरमध्ये मी ती सोडत नाही.

जॉइंट झाला की लगेच बोअरमध्ये सोडू नका. थर एकजीव व्हायला वेळ द्या, मी शक्यतो एक रात्र देतो. बाग वाळत असते, लोक घाई करतात, मला कळतं, पण जॉइंट अर्धाकच्चा सोडला तर परत चेनपुली आली, परत माणसं आली. सोडताना जॉइंट पाइपच्या सॉकेटवर येऊ देऊ नका, तिथे फुगवटा असतो आणि केसिंगला तोच घासतो, आणि जॉइंटच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबल पाइपला बांधा म्हणजे वजन जॉइंटवर येत नाही.

बादलीची परीक्षा

खाली सोडायच्या आधी बादलीत पास झाला पाहिजे. बादलीभर पाणी, चिमूटभर मीठ, त्यात जॉइंट बुडवा, केबलीची दोन्ही टोकं बाहेर आणि कोरडी, मोटर आणि पॅनल दोन्हीपासून सुटी. पाण्यात एक उघडी तांब्याची तार सोडा. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, घ्या, एक वायर तिन्ही कोअर एकत्र करून त्यांना, दुसरी पाण्यातल्या तारेला. एक मिनिट धरून रीडिंग वहीत लिहा. रात्रभर ठेवून सकाळी परत घ्या. मग कोअर कोअरमध्ये घ्या. प्रत्येक वेळी मेगर काढल्यावर कोअर आणि पाण्यातली तार एकमेकीला टेकवून चार्ज उतरवायचा, केबलीत राहतो तो.

चांगला जॉइंट शेकडो मेगाओहम दाखवतो आणि सकाळी जवळपास तिथेच असतो. नुसता आकडा बघू नका, आकडा कुठे चाललाय ते बघा. काल ५०० आणि आज ४० असेल तर ४० हा आकडा वाईट नाही पण पाणी आत निघालंय, तो जॉइंट कापून परत करा. आणि दुपारचं रीडिंग सकाळपेक्षा कमी येतंच, दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं, म्हणून दोन्ही वेळा सारख्याच गारव्यात घ्या, नाहीतर उगाच घाबराल.

मोटर जोडून खाली सोडल्यावर वरनं मेगर केलं तर रीडिंग बरंच खाली येतं, त्यात मोटर आली, केबल आली, पाणी आलं. ४१५ व्होल्टच्या मोटरीला किमान १ मेगाओहम तरी पाहिजे असा जुना नियम, मी नव्या जॉइंटला त्याच्या कितीतरी वर असल्याशिवाय पॅनल जोडत नाही.

कपॅसिटर: हा तर रोज जखम भरतो

घरातल्या पंख्याचा, सिंगल फेज पंपाचा रन कपॅसिटर आत पॉलिप्रोपिलीनच्या फिल्मचा असतो आणि फिल्मवर धातूचा इतका पातळ मुलामा की जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. फिल्मला कुठे दुबळी जागा असली आणि तिथून ठिणगी आरपार गेली की त्या उष्णतेने भोवतीचा धातू क्षणात उडून जातो, जागेभोवती रिकामं कडं तयार होतं, आणि शॉर्ट आपला आपण सुटतो. फिल्मचं भोक बुजत नाही, पण भोकापर्यंत वीजच पोचत नाही. सेल्फ हीलिंग हा शब्द त्याच्या डब्यावर सुद्धा छापलेला असतो, बघा एकदा.

पण प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, म्हणजे थोडा कपॅसिटन्स, चार्ज साठवायची ताकद, जातो. पंखा म्हातारा झाला, हळू फिरतो म्हणतात, बरेचदा ते हेच, २.५ एमएफडीचा (मायक्रोफॅरड) १.६ झालेला असतो. तर मोजायचं. लाइट बंद करा, कपॅसिटरचा चार्ज बल्ब लावलेल्या होल्डरची दोन टोकं लावून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने फाडकन शॉर्ट करायचं नाही, त्याने आतले जोड खराब होतात आणि ठिणगी डोळ्यावर येते. मग कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर लावा. छापलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर बदला, ३६ एमएफडीचा ३२ झाला म्हणजे गेलाच. डबा फुगला असेल तर मोजायचीही गरज नाही. आणि पॅनल पश्चिमेच्या उन्हात असेल तर वर पत्र्याची सावली करा, उष्णता आणि जास्त व्होल्टेज या दोन गोष्टींनी जखमा वाढतात आणि भरायची ताकद लवकर संपते.

खांबावरचं सिलिकॉन

सोलापूरचं नाव देशाच्या वीजजाळ्यात मोठं आहे, रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका तालात जोडलं गेलं. इन्सुलेटर हा विषय म्हणजे आपल्या दारातलाच.

चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसते, पहिल्या पावसाची नुसती भुरभुर आली की धुळीचा चिखल होतो, त्यातून करंट गळतो आणि फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरच्या वरून उडी मारते. सिलिकॉन रबराच्या इन्सुलेटरवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहतं, अळूच्या पानावर राहतं तसं. ठिणग्यांनी किंवा फार वेळ भिजून हा गुण गेला तरी काही तासांत, कधी काही दिवसांत परत येतो, कारण रबराच्या आत सिलिकॉनच्या छोट्या साखळ्या मोकळ्या असतात, त्या हळूहळू वर येतात. एवढंच नाही, वर बसलेल्या धुळीच्या थरातही त्या शिरतात आणि धुळीलाच पाणी नकोसं करून टाकतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं, कारण आमच्याकडे लूमच्या भागात कापसाचा भुगा आणि धूळ हेच रोजचं दुखणं आहे. ईपीडीएम रबराला हा गुण नाही, दिसायला सारखंच असलं तरी.

बघायचं असेल तर सुट्या, जमिनीवर ठेवलेल्या तुकड्यावरच बघा, खांबावर चढायचं नाही, ते लाइनमनचं काम. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा आणि थेंब बघा. गोल, सुटे थेंब म्हणजे तब्येत चांगली, पाणी पसरून पापुद्रा झाला म्हणजे गुण गेला. याच्या पायऱ्या एचसी १ ते एचसी ७ अशा ठरलेल्या आहेत, १ सगळ्यात चांगली.

लॅबमध्ये काय चाललंय

या विषयाला खरी सुरुवात २००१ मध्ये झाली, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि त्यांच्या सोबतच्यांनी इपॉक्सी नावाच्या घट्ट प्लास्टिकमध्ये बारीक कुप्या मिसळल्या, कुप्यात पातळ रसायन, बाहेर त्याला घट्ट करणारा कॅटॅलिस्ट. तडा गेला की कुपी फुटते, रसायन तड्यात वाहतं आणि घट्ट होतं. तडा सोसायची ताकद ७५ टक्क्यांपर्यंत परत आली. पण कुपी एकदाच फुटते, त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर औषध संपलेलं. आणि इन्सुलेशनच्या बाबतीत एक शंका माझ्यासारख्याला लगेच येते, कुपी म्हणजेच एक बाहेरची वस्तू, ती नीट भिनली नाही तर तिच्याच कडेला पोकळी आणि तिथूनच ट्री. म्हणून किती मिसळायच्या आणि किती बारीक, हा अख्खा खेळ.

२००२ मध्ये दुसरी वाट आली, फ्युरान आणि मॅलिमाइड नावाच्या दोन हातांची, ते गरम केलं की सुटतात, गार होताना परत धरतात. हे कितीही वेळा चालतं, पण साधारण १२० डिग्रीपर्यंत तापवावं लागतं. पीव्हीसी केबल ७० डिग्रीची, एक्सएलपीई ९० ची, मग चालू लाइनीत एवढं तापवायचं कसं, हा प्रश्न राहतोच. २००८ मध्ये पॅरिसमध्ये लुडविक लायब्लर यांच्या गटाने वनस्पती तेलातल्या फॅटी ॲसिडपासून असं रबर केलं की कापून साध्या हवेत टेकवलं की जुळतं, हायड्रोजन बंधांमुळे, पण कापलेले तुकडे जास्त वेळ वेगळे ठेवले की जुळायची ताकद कमी होत जाते. आपला रात्रभर उघडा ठेवलेला गोळा आठवतो की नाही? त्याच गटाने २०११ मध्ये व्हिट्रिमर काढलं, घट्ट झालेलं इपॉक्सी, तरी तापवलं की आतले बंध जागा बदलतात आणि ते काचेसारखं मऊ होऊन परत घडवता येतं. ड्राय टाइप, म्हणजे तेल नसलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या इपॉक्सीसाठी मला यात सगळ्यात जास्त आशा वाटते, कारण आज ते इपॉक्सी तडकलं की कॉइल भंगारात जाते.

ट्री भरायचं सगळ्यात हुशार काम चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. प्लास्टिकमध्ये लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनो कण, अगदी थोडे. बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं की कण जखमेच्या जागी गोळा होतात, तिथेच तापतात, तिथलं प्लास्टिक वितळून ट्रीच्या फांद्या बुजतात आणि बाकीचं इन्सुलेशन गारच राहतं. नंतर २०२० मध्ये तिथेच अजून एक वाट आली, ट्री वाढताना जो अंधुक उजेड पडतो, त्याच उजेडाने घट्ट होणारं रसायन कुपीत भरायचं. म्हणजे जखम स्वतःच औषधाला जागं करते.

आणि एक काम लॅबच्या बाहेर पडून खूप वर्षं झाली. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून जमिनीखालच्या जुन्या केबलींमध्ये, कंडक्टरच्या तारांच्या फटीतून, सिलेन नावाचं पातळ द्रव भरतात. ते एक्सएलपीईत झिरपतं, वॉटर ट्रीमधल्या पाण्याशी रिॲक्शन करून ते पाणी संपवतं आणि स्वतः मोठं होऊन तिथेच बसतं. केबल न उकरता आयुष्य वाढतं. हे आपोआप नाही, कुणीतरी भरायला लागतं, पण जखम भरते हे खरं.

दुकानात विचारायचे प्रश्न

आता डब्यावर सेल्फ हीलिंग छापलेलं काहीही दिसलं, टेप असो, कोटिंग असो, जेल असो, की दुकानदाराला मी हे विचारतो. हे कुठली जखम भरतं, चीर, पोकळी, ओल की ट्री? त्याला जागं कोण करतं, उष्णता, पाणी, दाब की ठिणगी, आणि ती गोष्ट माझ्या जागेवर खरंच असते का? किती वेळा भरतं, एकदा का परत परत? भरल्यावर व्होल्टेज किती सोसतं, नुसतं ओढून तुटत नाही हे सांगू नका, कारण दिसायला जुळलेला जोड आणि वीज अडवणारा जोड यात फरक आहे. आणि एक्सपायरी कधीची. रबराची टेप दुकानात उन्हात पडून असेल तर रोलवरच एकमेकात धरून बसते, मग ती घेऊ नका, मी नवी पेठेत उभ्या उभ्या फिल्म सोलून, एक बोटभर तुकडा ताणून बोटाला गुंडाळतो, दोन मिनिटांनी उलगडायला बघतो, उलगडला तर रोल परत.

मामांच्या बोअरवर मी याच पद्धतीने जॉइंट केला, एक रात्र चादरीवर, एक रात्र बादलीत. पहिलं रीडिंग ६५० मेगाओहम, दुसऱ्या दिवशी सकाळी ६२०. तारीख आणि दोन्ही आकडे स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत, मोटर खाली सोडल्यानंतरचं वरनं घेतलेलं रीडिंग त्याच्या खाली, आणि त्याच्या खाली जागा मोकळी सोडलीय. पावसाळ्यानंतर एकदा आणि गड्ड्याची यात्रा झाली की एकदा, असं वर्षातून दोनदा मेगर न्यायचा ठरलाय, बाग छाटणीच्या वेळी मामा स्वतः फोन करतात.